एचबी, बीपी आणि लालपेशी: प्रीएक्लॅम्प्सियात आईच्या रक्तात काय बदलते

विदर्भातील कोणत्याही गावात गरोदर बाईच्या प्रकृतीची चौकशी सुरू झाली की एक आकडा हमखास विचारला जातो, तो म्हणजे एचबी, अर्थात हिमोग्लोबिन. आशाताई तो विचारते, उपकेंद्रातील सिस्टर तो माता व बाल संरक्षण कार्डावर लिहिते, आणि सुनेच्या अंगात ‘रक्त किती आहे’ हे घरातल्या सासूलाही ठाऊक असते. ही जाणीव वर्षानुवर्षांच्या कामातून रुजलेली आहे आणि ती मोलाची आहे, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. मात्र याच जाणिवेमुळे एचबी ११ च्या वर गेले की बाई धोक्याबाहेर आहे, असेही सगळे धरून चालतात. प्रीएक्लॅम्प्सिया या आजारात हा समज चुकू शकतो. त्या आजारात रक्त आटते, लालपेशींचे आवरण बिघडते आणि काही स्त्रियांत पेशी फुटूही लागतात, आणि हे सारे होत असताना एचबीचा आकडा काही काळ चांगलाच दिसत राहतो. असे का होते, हे नीट समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

प्रीएक्लॅम्प्सिया गरोदरपणाच्या २० व्या आठवड्यानंतर उद्भवतो. आधी बीपी ठीक असलेल्या बाईचा रक्तदाब किमान चार तासांच्या अंतराने दोनदा मोजूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त येतो आणि त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू, रक्तातील प्लेटलेट यांपैकी कशावर तरी परिणाम दिसतो. रक्तदाब १६०/११० वर गेला तर आजार तीव्र समजला जातो, आणि त्यातूनच झटके आले तर त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. जगभरात साधारण २ ते ८ टक्के गरोदरपणांत हा आजार होतो. त्याची सुरुवात वारेपासून होते. गर्भाशयाच्या ज्या बारीक, नागमोडी धमन्या गरोदरपणात रुंद व्हायला हव्यात, त्या पुरेशा रुंद होत नाहीत, वारेला रक्त कमी पडते, आणि अशी उपाशी वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की जे तिच्या सर्व रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला इजा करतात. त्यामुळे वाहिन्या आकसतात आणि पाझरू लागतात. लालपेशी या वाहिन्यांतूनच दिवसरात्र फिरत असल्यामुळे या बिघाडाचा मार त्यांनाही बसतो.

निरोगी लालपेशी म्हणजे सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाची, दोन्ही बाजूंनी मधोमध दबलेली चकती. तिच्यात केंद्रक नसते, ऊर्जा निर्माण करणारी तंतुकणिका नसते, आणि म्हणूनच एकदा झालेली मोडतोड दुरुस्त करण्यासाठी नवी प्रथिने तयार करण्याची सोयही तिच्यापाशी नसते. जे काही घेऊन ती अस्थिमज्जेतून बाहेर पडते, त्यावरच तिला सुमारे १२० दिवस काढायचे असतात. तिचे मुख्य सामर्थ्य तिच्या लवचीकपणात आहे. शरीरातील कित्येक केशवाहिन्या तिच्या व्यासापेक्षा अरुंद असतात, प्लीहेतील फटी तर त्याहून कितीतरी बारीक असतात, आणि त्यांतून जाताना ती लांबट होते, दुमडते आणि पलीकडे जाऊन पुन्हा पूर्ववत होते. हे तिला जमते ते आवरणाखाली पसरलेल्या स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाच्या जाळीमुळे आणि आवरणातील स्निग्ध पदार्थांच्या प्रवाहीपणामुळे. प्रीएक्लॅम्प्सियात नेमका इथेच घाव बसतो. पण त्याआधी रक्ताच्या एकूण प्रमाणाचा विचार केला पाहिजे, कारण एचबीच्या आकड्याचे कोडे तिथे सुटते.

सुरळीत गरोदरपणात आईचे रक्त वाढते, पण त्याचे दोन भाग सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. रक्तातील पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो, तर लालपेशींचे एकूण प्रमाण पुरेसे लोह मिळाल्यास साधारण २० ते ३० टक्क्यांनी वाढते. परिणामी लालपेशी वाढूनही त्यांचे दाटपण कमी होते आणि एचबी थोडे खाली येते. म्हणूनच गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी १२ ही किमान मर्यादा मानणारी जागतिक आरोग्य संघटना गरोदर स्त्रीसाठी ती ११ मानते. हे पातळ होणे शरीराच्या सोयीचे असते, कारण पातळ रक्त वारेच्या बारीक वाटांतून सहज वाहते, आणि बाळंतपणात जे रक्त जाते त्यासाठी शिल्लकही तयार होते. ५० किलो वजनाच्या स्त्रीच्या शरीरात एरवी सुमारे तीन लिटर रक्त धरले, तर दिवस भरत आल्यावर ते साडेचार लिटरच्या आसपास पोहोचते. हे वरचे दीड लिटर बाळंतपणातील रक्तस्रावाच्या वेळी तिचा जीव सांभाळते.

प्रीएक्लॅम्प्सियात, विशेषतः तीव्र आजारात, प्लाझ्माची ही वाढ पुरेशी होत नाही, किंवा झालेली वाढ ओसरते. आकसलेल्या वाहिन्यांत जागा कमी असते आणि पाझरणाऱ्या भिंतींतून पाणी व प्रथिने बाहेर ऊतींमध्ये जातात, ज्यामुळे चेहरा, हात आणि पाय सुजतात. चुलीवर ठेवलेले वरण आटून घट्ट झाले म्हणजे डाळ वाढली असे कोणी म्हणत नाही. तसेच इथे लालपेशी तेवढ्याच असतात, पाणी मात्र कमी झालेले असते. एचबी मोजणारे यंत्र एका डेसिलिटर रक्तात किती ग्रॅम हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते, शरीरात एकूण रक्त किती आहे हे ते सांगू शकत नाही. हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातील लालपेशींचा टक्केवारीतील वाटा, ज्याला अहवालात पीसीव्ही लिहिलेले असते, त्याचेही तेच. दोन्ही आकडे वर चढतात आणि पाहणाऱ्याला वाटते की गोळ्या लागू पडल्या.

समजा, एका बाईचे एचबी सातव्या महिन्यात १०.२ होते आणि नवव्या महिन्यात ते १२.६ आले. लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्याने महिन्याला साधारण १ ग्रॅमची वाढ अपेक्षित असते, म्हणून ही वाढ पूर्णपणे चांगलीही असू शकते. याच दिवशी तिचे बीपी ११०/७० असेल आणि लघवीत प्रथिने नसतील, तर आनंदच मानावा. पण बीपी १४६/९६ असेल, अंगठी बोटात घट्ट झाली असेल आणि आठवडाभरात वजन एकदम वाढले असेल, तर त्याच १२.६ चा अर्थ पूर्णपणे बदलतो. माझ्या मते शेवटच्या तीन महिन्यांत बीपीशिवाय एकटे एचबी वाचणे हे अर्धेच वाचन आहे. उन्हाळ्याबद्दलही इथेच सांगितले पाहिजे: चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात रानात हिंडणाऱ्या बाईच्या अंगातले पाणी कमी होऊनही पीसीव्ही थोडे चढू शकते. त्यामुळे चढलेला आकडा हा आजाराचा पुरावा ठरत नाही, तो बीपी आणि लघवी लगेच तपासण्याचा इशारा ठरतो.

आटलेल्या रक्ताचा खरा धोका बाळंतपणाच्या खोलीत कळतो. जिच्याजवळ दीड लिटरची शिल्लकच तयार झालेली नाही, तिला अर्धा लिटर रक्तस्रावही जड जातो, कागदावर १२.६ असलेली बाई १०.५ असलेल्या निरोगी बाईपेक्षा लवकर शॉकमध्ये जाऊ शकते. मग रक्त आटले असेल तर सलाइन लावून ते पातळ का करू नये, असा प्रश्न कोणालाही सुचेल. वाहिन्यांच्या भिंतीच पाझरत असल्यामुळे वरून दिलेले पाणी आत टिकत नाही आणि ते फुप्फुसांत उतरून बाईला श्वास घेणे अशक्य होऊ शकते. म्हणून या आजारात सलाइनचे प्रमाण मोजूनमापून आणि मर्यादित ठेवतात. अशक्तपणा आला म्हणून गावातच ‘दोन बाटल्या लावून घेण्याची’ जी सवय आपल्याकडे आहे, ती या बाईच्या बाबतीत घातक ठरू शकते. सूज उतरावी म्हणून मीठ बंद करणे किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या मनानेच घेणे यांचाही उपयोग नाही, कारण वाहिन्यांतील पाणी आधीच कमी असते.

आता लालपेशींकडे वळू. वारेतून आणि दुखावलेल्या अस्तरातून ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. लालपेशीत लोह आणि ऑक्सिजन दोन्ही भरपूर असल्याने ती अशा रेणूंच्या तडाख्यात पटकन सापडते. तिच्यात ग्लुटाथायोनसारखे संरक्षक रेणू असतात, पण ते खर्ची पडत जातात आणि मग आवरणातील स्निग्ध पदार्थ खवट तेलाच्या प्रक्रियेने, म्हणजे ऑक्सिडेशनने, खराब होऊ लागतात. आवरण ताठर होते. प्रीएक्लॅम्प्सिया असलेल्या स्त्रियांच्या लालपेशी निरोगी गरोदर स्त्रियांच्या पेशींपेक्षा कमी वाकतात, हे वेगवेगळ्या पद्धतींच्या मोजमापांत दिसून आले आहे. काही पेशींच्या कडांवर काटेरी उंचवटे येतात. जी पेशी अरुंद केशवाहिनीतून सहज जायची, ती आता तिथे अडखळते, आणि वारेसारख्या आधीच रक्त कमी मिळणाऱ्या अवयवाला या अडखळण्याची किंमत मोजावी लागते.

याच आवरणावर कॅल्शियम बाहेर फेकणारे पंप असतात. लालपेशीच्या आत कॅल्शियम अगदी कमी ठेवणे हे त्यांचे काम, कारण ते वाढले की पेशी आकसते, ताठर होते आणि आवरणाच्या आतील बाजूचे काही स्निग्ध रेणू बाहेर उघडे पडतात, ज्यांच्यामुळे रक्त गोठण्याच्या क्रियेला चालना मिळते. व्हेनेझुएलातील संशोधकांनी १९९० च्या दशकात प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रियांच्या लालपेशींची आवरणे वेगळी काढून तपासली, तेव्हा हे पंप मंदावलेले आढळले. त्या पेशी पातळ द्रावणात ठेवल्या की लवकर फुटतात हेही नंतर दिसले, आणि विशेष म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट दिल्यावर त्यांत सुधारणा झाल्याचेही नोंदवले गेले. झटके टाळण्यासाठी ग्रामीण रुग्णालयात ‘मॅगसल्फ’चे जे इंजेक्शन देतात, तेच हे औषध. त्याचा मुख्य उपयोग मेंदूच्या संरक्षणासाठी आहे आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केल्याचे सिद्ध झाले. लालपेशींच्या आवरणावरील परिणाम हा त्याचा कमी माहीत असलेला पैलू आहे.

ताठरपणाबरोबर पेशी एकमेकींना चिकटण्याची प्रवृत्तीही वाढते. गरोदरपणात रक्तातील फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन मुळातच वाढलेले असते, म्हणून एकमेकींना चिकटलेल्या लालपेशींच्या रांगा सर्वच गरोदर स्त्रियांत जास्त होतात, आणि ईएसआर, म्हणजे नळीत लालपेशी खाली बसण्याचा वेग, वाढलेला दिसतो तो याचमुळे. प्रीएक्लॅम्प्सियात त्यात आटलेल्या रक्ताची भर पडते. जिथे प्रवाह आधीच मंद आहे तिथे असे दाट आणि चिकट रक्त आणखी मंद वाहते. शिवाय काही अभ्यासांत असेही दिसले की या आजारात हिमोग्लोबिन ऑक्सिजनला अधिक घट्ट धरून ठेवते. निरोगी गरोदरपणात याच्या उलट, ऑक्सिजन सोडण्याकडे कल वाढलेला असतो, म्हणजे बाळाला तो सहज मिळतो. अहवालात एचबी चांगले असूनही बाळाची वाढ का खुंटते, या प्रश्नाच्या उत्तराचा हा एक भाग आहे. मोठा भाग अर्थात वारेच्या अरुंद धमन्यांचाच.

लालपेशी फुटून हिमोग्लोबिन मोकळे झाले की आणखी एक दुष्टचक्र सुरू होते. पेशीच्या आत असताना हिमोग्लोबिन निरुपद्रवी आणि उपयुक्त असते; बाहेर पडल्यावर मात्र ते नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते. नायट्रिक ऑक्साइड हा वायू रक्तवाहिन्यांचे अस्तर सतत तयार करत असते आणि त्यामुळेच वाहिन्या सैल राहतात. तो कमी पडला की वाहिन्या अधिक आकसतात, बीपी आणखी वाढते आणि अरुंद वाटेत आणखी पेशी फुटतात. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी या चित्रात आणखी एक बाब जोडली: बिघडलेल्या वारेतून बाळाचे हिमोग्लोबिनही मोकळ्या स्वरूपात आईच्या रक्तात उतरते आणि तेही अस्तराला अपाय करते. लालपेशींतील बदल हे आजाराचे मूळ कारण आहे असे मानले जात नाही. ते वारेच्या बिघाडाचा परिणाम आहेत, पण एकदा झाले की तेच आजाराला पुढे ढकलतात, अशी समजूत आज सर्वसाधारणपणे आहे.

या बदलांचे सर्वांत उग्र रूप म्हणजे हेल्प सिंड्रोम. १९८२ साली अमेरिकेतील डॉ. लुइस वाइनस्टाइन यांनी हे नाव दिले. लालपेशी फुटणे, यकृतातील एन्झाइम वाढणे आणि प्लेटलेट घटणे अशी तीन लक्षणे त्यात एकत्र येतात. दुखावलेल्या अस्तरावर फायब्रिनचे बारीक धागे आणि प्लेटलेट जमा होतात, आणि त्यांतून जोराने ढकलल्या जाणाऱ्या लालपेशी अक्षरशः चिरल्या जातात. रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तुटक्या, टोकदार, त्रिकोणी किंवा हेल्मेटसारख्या आकाराच्या पेशी दिसतात. त्यांना शिस्टोसाइट म्हणतात. फुटलेल्या पेशींतून एलडीएच नावाचे एन्झाइम बाहेर येऊन ६०० च्या वर जाते, कावीळ आणणारे बिलिरुबिन १.२ च्या पुढे जाते, मोकळे हिमोग्लोबिन पकडणारे हॅप्टोग्लोबिन संपते, आणि प्लेटलेट एक लाखाच्या खाली येतात. तीव्र प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या साधारण १० ते २० टक्के स्त्रियांत ही अवस्था येते. पेशी फुटत असतानाही रक्त आटलेले असल्यामुळे पहिल्या काही तासांत एचबी खाली गेलेले दिसेलच असे नाही, म्हणून प्लेटलेट आणि एलडीएच पाहणे आवश्यक ठरते.

हेल्पमध्ये बाईची तक्रार फार साधी वाटते. बरगड्यांच्या खाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे, मळमळ, उलटी, गळून गेल्यासारखे वाटणे. आपल्याकडे याला लगेच ‘पित्त झाले’ म्हणतात आणि गोळी देऊन झोपवतात. काहींत बीपी सुरुवातीला फारसे वाढलेलेही नसते. डोळे पिवळे दिसू लागले तर कावीळ समजून झाडपाल्याचे औषध आणायला कोणीतरी शेजारच्या गावी जाते, आणि त्यात जो वेळ जातो तो परत मिळत नाही. सहाव्या महिन्यानंतर पोटाच्या वरच्या भागात दुखणाऱ्या प्रत्येक बाईचे बीपी त्याच दिवशी मोजले गेले पाहिजे, मग ते दुखणे कितीही पित्तासारखे वाटो. लघवी चहासारखी गडद होणे, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे चमकल्यासारखे होणे यांपैकी काहीही असेल तर १०८ किंवा १०२ ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात जाणे योग्य. सुमारे ३० टक्के रुग्णांत हेल्पची सुरुवात बाळंतपणानंतर, बहुधा पहिल्या दोन दिवसांत होते, म्हणून बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत असे समजून लगेच घरी नेण्याची घाई करू नये.

विदर्भाच्या संदर्भात हा विषय सिकलसेलशिवाय, म्हणजे लालपेशी कोयत्याच्या आकाराच्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराशिवाय, पूर्ण होऊच शकत नाही. मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा अभ्यास नागपूरहून १९५८ साली प्रसिद्ध झाला होता, आणि आज गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि मेळघाट या भागांत हा आजार ज्यांच्या घरात आहे अशी कुटुंबे गावोगावी आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि त्यात हे भाग महत्त्वाचे आहेत. ज्या स्त्रीला प्रत्यक्ष सिकलसेल आजार आहे, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून दोष आलेला आहे, तिच्या लालपेशी मुळातच ताठर असतात आणि १२० ऐवजी १० ते २० दिवसच जगतात. तिच्या रक्तात मोकळे हिमोग्लोबिन गरोदरपणाआधीपासूनच असते. त्यामुळे अशा स्त्रियांना प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक आढळतो, यात आश्चर्य नाही. एकाच बाजूने दोष आलेली वाहक स्त्री मात्र सहसा निरोगी असते आणि तिला रुग्ण समजून घाबरवणे अन्यायाचे आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात होणारी सोल्युबिलिटी चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच सांगते. बाई वाहक आहे की रुग्ण, हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीनेच कळते. ही तपासणी गरोदरपणाच्या आधी, निदान पहिल्या तीन महिन्यांत झालेली असणे फार उपयोगी पडते, कारण नवव्या महिन्यात सिकलसेलच्या रुग्ण स्त्रीला पोटात वेदना सुरू झाल्या, की तो सिकलचा झटका आहे की हेल्प, हे ओळखणे अनुभवी डॉक्टरांनाही कठीण जाते. दोन्हींत पेशी फुटतात, दोन्हींत एलडीएच आणि बिलिरुबिन वाढते. अशा वेळी बीपी, लघवीतील प्रथिने, घसरत जाणाऱ्या प्लेटलेट आणि काचेवर कोयत्याच्या आकाराच्या पेशी जास्त आहेत की तुटक्या, यांवरून निर्णय घ्यावा लागतो, आणि तिचे नेहमीचे आकडे कोणते होते हे माहीत असेल तरच तो नीट घेता येतो. गडचिरोलीत मलेरिया हे पेशी फुटण्याचे आणखी एक कारण आहे, म्हणून ताप असेल तर त्याचीही तपासणी सोबतच होते.

या सर्वांसाठी लागणाऱ्या बहुतेक तपासण्या दुर्मीळ नाहीत. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या संपूर्ण मोजणीच्या, एकाच कागदावर एचबी, पीसीव्ही, लालपेशींच्या आकारातील विषमता दाखवणारा आरडीडब्ल्यू आणि प्लेटलेट असे सगळे असते; तीव्र लक्षणे असतील तर यकृताच्या तपासण्या आणि एलडीएच त्याला जोडले जातात. २०१६ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत डॉक्टरांकडून गरोदर स्त्रियांची तपासणी होते. अडचण असते ती आकडे एकत्र वाचण्याची. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे, आणि पहिलटकरीणीलाच प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका अधिक असतो. सातव्या-आठव्या महिन्यात ती यवतमाळच्या सासरहून भंडाऱ्याच्या माहेरी जाते, तिथली सिस्टर तिला प्रथमच पाहते आणि तिच्यापुढे एकटा १२.६ हा आकडा असतो. मागचे १०.२, मागचे बीपी, मागचे वजन सासरच्या कपाटात राहिले, तर आकडा कोणत्या दिशेने सरकला हे कोणालाच कळत नाही. साड्यांच्या आधी ते कार्ड आणि जुने कागद पिशवीत ठेवले पाहिजेत, हे मी अगदी मनापासून सांगतो.

लालपेशींचे बदल उलटवणारे वेगळे औषध नाही. बीपी लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा यांनी आटोक्यात ठेवतात, झटक्यांसाठी मॅगसल्फ देतात, गरजेनुसार रक्त किंवा प्लेटलेट चढवतात; पण आजाराचे मूळ वारेत असल्यामुळे बाळंतपण होणे हाच त्याचा खरा शेवट असतो, आणि ते केव्हा करायचे हे बाळाचे दिवस आणि आईची अवस्था दोन्ही पाहून ठरते. यासाठी बाई अशा ठिकाणी असावी लागते जिथे शस्त्रक्रिया, रक्तपेढी आणि प्लेटलेटची सोय जवळ आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतील भामरागडचा संपर्क तुटतो. तिथल्यासारख्या भागातील धोक्याच्या गरोदर स्त्रीने दिवस भरण्याआधीच रुग्णालयाजवळच्या ‘माहेरघरात’ (बाळंतपणाआधी राहण्याच्या सरकारी सोयीत) किंवा नातेवाइकांकडे येऊन राहणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

बाळंतपणानंतर वार निघून गेली की पेशी फुटण्याचे प्रमाण बहुधा काही दिवसांत ओसरते, एलडीएच उतरू लागते आणि प्लेटलेट वाढतात. ऊतींत साचलेले पाणी पुन्हा वाहिन्यांत येते, लघवी भरपूर होते, सूज उतरते, आणि याच काळात एचबी अचानक खाली आलेले दिसते. कालपर्यंत १२.६ असलेली बाळंतीण आज ९.४ कशी झाली, म्हणून घरचे घाबरतात. काही भाग गेलेल्या रक्ताचा असतो आणि रक्तस्राव चालू नाही ना हे डॉक्टर आधी तपासतात. उरलेला भाग रक्त पुन्हा पातळ झाल्याचा असतो, म्हणजे तिच्या लालपेशींची खरी शिल्लक आता उघड होते. लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी बाळंतपणानंतरही १८० दिवस चालू ठेवायची असते ती यासाठीच. या अवधीत आजारात होरपळलेल्या सगळ्या पेशी आपले आयुष्य संपवून जातात आणि त्यांची जागा अस्थिमज्जेतून आलेल्या नव्या पेशी घेतात. बीपी मात्र सहा आठवडे तरी मोजत राहावे लागते. आणि पुन्हा दिवस गेले, तर पहिल्याच भेटीत मागच्या वेळी प्रीएक्लॅम्प्सिया झाला होता हे सांगावे, कारण डॉक्टरांच्या सल्ल्याने १२ व्या आठवड्यापासून, १६ वा आठवडा उलटण्यापूर्वी, कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू केल्यास आणि आहारात कॅल्शियम कमी असेल तेव्हा त्याच्या गोळ्या घेतल्यास हा आजार पुन्हा होण्याचा धोका कमी करता येतो.